दाखला मिळाला, कारण राहिलं: सिंहगड रस्त्यालगतच्या एका मृत्यूची नोंद

हे प्रकरण आरोग्यसेविका, आशाताई आणि समाजवैद्यक शिकणारे विद्यार्थी यांच्यापुढे चर्चेसाठी ठेवायचं म्हणून रचलं आहे. यातलं घर कल्पित आहे. गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. 30 जून 2021 ला पुणे महापालिकेत आलेल्या 23 गावांपैकी सिंहगड रस्त्याच्या बाजूचं एक, एवढं धरून चालावं. कायद्याची कलमं, नमुने आणि मुदती मात्र खऱ्या आहेत.

घटना

ऑगस्ट 2024 चा पहिला आठवडा. नुकताच 25 जुलैला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरं बुडाली होती. आपलं गाव वरच्या अंगाला, तिथे पूर आला नव्हता. पण नळाला गढूळ पाणी येत होतं, आणि बऱ्याच घरांत पोट बिघडल्याच्या तक्रारी होत्या. पावसाळ्यात हे व्हायचंच, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नव्हतं.

आबा 67 वर्षांचे. केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून निवृत्त, पेन्शन चालू. मधुमेह जुना, रक्तदाबाची गोळी रोजची, आणि गेली दोन वर्षं क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढला की मूत्रपिंड थकल्याचं कळतं) वाढत चाललंय म्हणून डॉक्टरांनी पथ्य सांगितलेलं. त्यांना जुलाब लागले. पहिल्या दिवशी मेडिकलमधून गोळ्या आणल्या. दुसऱ्या दिवशी गल्लीतली आशाताई येऊन ओआरएसची पाकिटं देऊन गेली आणि म्हणाली, "वहिनी, यांना साखर आहे, दवाखान्यात दाखवाच." तिसऱ्या दिवशी आबांना लघवी जवळजवळ झालीच नाही, संध्याकाळी ते गुंगीत गेले. मुलगा म्हणाला, सकाळी उजाडताच नेऊ. पहाटे चारच्या सुमारास सगळं संपलं.

सहा वाजता घरचे डॉक्टर आले. वीस वर्षांचे संबंध. नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली. मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पुढचं अडणार नाही एवढं लिहून द्या." त्यांनी लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या: हृदयविकाराच्या झटक्याने निधन. दहाच्या आत गावच्याच स्मशानात अंत्यविधी उरकला. शहरातल्या मोठ्या स्मशानभूमीत आधी पास लागतो. इथे अजून गावाचीच पद्धत चालू, लाकडं भावकीने आणली, पास कुणी मागितला नाही आणि कुणी काढलाही नाही.

नोंद करायची कुणी?

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 चं उत्तर सरळ आहे. मृत्यू रुग्णालयात झाला तर तिथल्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याने कळवायचं, घरी झाला तर कुटुंबप्रमुखाने. मुदत 21 दिवस. शिवाय कलम 10 प्रमाणे दहन-दफनाची जागा सांभाळणाऱ्यानेही निबंधकाला, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, सूचना द्यायची असते. म्हणजे घर विसरलं तरी स्मशानातून खबर पोचावी, अशी दुहेरी योजना.

आपल्या गावात ती दुहेरी योजना दोन्हीकडून सुटली. कुटुंबप्रमुख म्हणजे स्वतः आबाच होते. ते गेल्यावर प्रमुख कोण, तर वयाने थोरल्या आत्या, कमावता म्हणून मुलगा. आणि मुलाला वाटलं, चुलत्यांनी सांगितलं असेल. स्मशानाला राखणदार नव्हताच. ग्रामपंचायत होती तेव्हा शिपाई एक वही ठेवायचा, गावात कोण गेलं हे ग्रामसेवकाला संध्याकाळपर्यंत कळायचं, आणि तोच निबंधक असल्याने नोंद आपोआप व्हायची. 2021 नंतर ग्रामपंचायत गेली, ग्रामसेवकाची बदली झाली, जुनी रजिस्टरं हस्तांतरित झाली. निबंधकाचं काम महापालिकेकडे आलं. कागदोपत्री हे हस्तांतर पूर्ण झालं. पण शिपायाची वही हा काही कायद्यातला नमुना नव्हता, त्यामुळे तिचं हस्तांतर करायचं कुणाला सुचलं नाही. ग्रामसेवकाच्या काळात सगळं आलबेल होतं असं मुळीच नाही. पुढच्या-मागच्या तारखा टाकून नोंदी झालेल्या सगळ्यांना माहीत आहेत. पण मृत्यू कळणं ही एक गोष्ट आणि तो नीट लिहिणं ही दुसरी. गावाला पहिली जमत होती.

गणपती उठल्यावर

गणपती 17 सप्टेंबरला उठले. तेव्हा आईच्या फॅमिली पेन्शनसाठी बँकेने मृत्यूचा दाखला मागितला, आणि नोंदच झालेली नाही हे घराला कळलं. मृत्यूला महिना उलटून गेला होता.

इथे मुदतींची पायरी समजून घ्यावी, कारण घरोघरी गोंधळ इथेच होतो. 21 दिवसांपर्यंत नोंद साधी. 21 ते 30 दिवसांत विलंब शुल्क भरून निबंधकच करतो. 30 दिवसांनंतर एक वर्षापर्यंत वरची लेखी परवानगी लागते. 2023 च्या दुरुस्तीने, जी 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली, ही परवानगी जिल्हा निबंधकाकडे किंवा नेमून दिलेल्या प्राधिकाऱ्याकडे गेली आणि जुन्या प्रतिज्ञापत्राऐवजी स्वसाक्षांकित कागद चालू लागला. वर्ष उलटलं तर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा, आता जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी आदेश देतो. आबांचं घर मधल्या पायरीवर होतं. त्रासदायक, पण हाताबाहेर नाही.

मुलगा आधी सवयीने जुन्या ग्रामपंचायतीच्या इमारतीत गेला. तिथून त्याला क्षेत्रीय कार्यालयात पाठवलं. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "स्मशानाची पावती?" नाही. "पास?" नाही. "मग डॉक्टरांचं?" लेटरहेडची चिठ्ठी होती. बाईंनी ती परत दिली आणि सांगितलं, "दादा, हे चालत नाही. 4-अ भरून आणा डॉक्टरांकडून. आणि शेजारच्या दोघांचे जबाब."

नमुना 4 रुग्णालयातल्या मृत्यूसाठी आणि 4-अ रुग्णालयाबाहेरच्या. दोन्हींत मृत्यूचं कारण डॉक्टरने वैद्यकीय पद्धतीने लिहायचं असतं. मुलगा नमुना घेऊन डॉक्टरांकडे गेला, त्यांनी दोन रुग्णांच्या मध्ये तो भरला. तात्कालिक कारणाच्या ओळीत लिहिलं, हृदयक्रिया व श्वसन बंद पडणे. खालच्या ओळींवर तिरकी रेघ. सही, शिक्का.

मग जबाब, अर्ज, परवानगी, शुल्क. आधारशी ताडता नोंदीतल्या आबांच्या नावात एक वेलांटी वेगळी, त्या नोंदीची दुरुस्ती कलम 15 खाली. नोव्हेंबरात दाखला हातात आला. पेन्शन सुरू झाली, सातबाऱ्यावर वारस नोंदीचा अर्ज गेला. घराच्या दृष्टीने प्रकरण मिटलं.

त्या तिरक्या रेघेखाली काय होतं

आरोग्याच्या दृष्टीने ते तिथूनच सुरू होतं. नमुन्याच्या पहिल्या भागात अ, ब, क अशा ओळी असतात. अ म्हणजे ज्याने शेवटी जीव गेला ते, ब म्हणजे ते ज्यामुळे झालं ते, आणि सर्वांत खाली मूळ कारण, जिथून ही साखळी सुरू झाली. दुसऱ्या भागात हातभार लावणारे इतर आजार. आबांच्या बाबतीत नमुना असा भरायला हवा होता: अ, मूत्रपिंड अचानक निकामी होणे, ब, अतिसारामुळे शरीरातलं पाणी कमी होणे, क, तीव्र अतिसार, तीन दिवस. भाग दोनमध्ये मधुमेह आणि जुना मूत्रपिंडविकार. प्रत्येक ओळीसमोर किती काळ होतं, तेही.

हृदयक्रिया बंद पडणं हे कारण नव्हे. ती मरणाची व्याख्या आहे. शेवटी हृदय प्रत्येकाचंच थांबतं. आयसीडी-10 मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, हृदयक्रिया थांबण्याचा संकेतांक आय-46, संसर्गजन्य समजल्या जाणाऱ्या अतिसाराचा ए-09. आय-46 च्या खात्यात गेलेला मृत्यू आरोग्य विभागाला काहीच सांगत नाही. पाणी तपासा, साखर तपासा, तंबाखू बघा, कशाकडेच बोट दाखवत नाही. आणि लेटरहेडवरच्या पहिल्या चिठ्ठीतला हृदयविकाराचा झटका तर याहून वाईट, कारण तो खरा वाटतो. तो आकडेवारीत गेला असता तर हृदयविकाराच्या खात्यात एक खोटा आकडा वाढला असता.

डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे, पण त्यांच्या खुर्चीतून बघा. तीन दिवस रुग्ण त्यांच्याकडे आलाच नव्हता. लघवी बंद झाल्याचं त्यांना सांगितलंच गेलं नाही, कारण विचारलं गेलं नाही. खाली अतिसार लिहिला तर उद्या कुणी म्हणेल, मग तुम्ही दाखल का नाही केलं? घरच्यांना धाकधूक वेगळी: विम्याच्या कागदात मधुमेह आला तर दावा अडेल. अशा वेळी हृदयक्रिया बंद हे शब्द सगळ्यांना सोयीचे. त्यांनी कुणाचंच नुकसान होत नाही, निदान त्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कुणाचं.

खिडकीवरच्या बाईंनी नाव, तारीख, शिक्का तपासला. कारण बरोबर की चूक हे ठरवणं त्यांचं काम नाही आणि तसं त्यांनी करूही नये. मृत्यूच्या नमुन्याचा कायदेशीर भाग निबंधकाकडे राहतो आणि सांख्यिकीचा भाग वर जातो. गंमत अशी की महाराष्ट्रासाठी हे वर म्हणजे पुण्यातच आहे: राज्याचं आरोग्य माहिती व जीवनविषयक आकडेवारीचं कार्यालय इथेच, त्याच शहरात. पण रकान्यात आय-46 पोचल्यावर तिथला संकेतांक देणारा माणूस तरी सिंहगड रस्त्याला फोन करून काय विचारणार?

या साऱ्याच्या मुळाशी एक रचना आहे, आणि माझ्या मते हेच या प्रकरणाचं सार आहे. घराला दाखला हवा असतो. दाखल्यावर कारण नसतं. कलम 17 नुसार मृत्यूच्या उताऱ्यात कारण उघड करायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. क्षय, एचआयव्ही, आत्महत्या असं काही सातबाऱ्याच्या फायलीला लावून फिरायची वेळ कुणावर येऊ नये. पण त्याचा परिणाम असा की ज्या एका रकान्यासाठी आरोग्य विभागाला ही सगळी यंत्रणा हवी, त्या रकान्यात नोंद करणाऱ्याला काडीचा रस नसतो. तो चुकला तर पेन्शन अडत नाही. वेलांटी चुकली तर अडते. म्हणून वेलांटी दुरुस्त होते.

2023 च्या दुरुस्तीने रुग्णालयांना कारणाचं प्रमाणपत्र निबंधकाला देणं आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणं बंधनकारक केलं. चांगलं पाऊल. पण देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले एक चतुर्थांशाच्याही आत आहेत, आणि उरलेल्यांत मोठा वाटा आबांसारख्या घरी झालेल्या मृत्यूंचा.

लपवण्याचा इतिहास

पुण्याला या विषयाची जुनी जखम आहे. 1897 च्या प्लेगात रँडच्या समितीने घरोघरी झडत्या घेतल्या, रुग्ण आणि संपर्कातले लोक उचलून छावण्यांत नेले. परिणाम हा की लोक आजारी माणूस आणि मृत्यू दोन्ही लपवू लागले. त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना प्लेगने गेल्या, आणि 22 जूनला गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. नोंद म्हणजे शिक्षा असं एकदा डोक्यात बसलं की रजिस्टर आपोआप खोटं बोलू लागतं. कोविडच्या पहिल्या वर्षीही घरी गेलेल्या माणसाचं कारण काय सांगावं याचा विचार घराघरात झाला, कारण उत्तरावर अंत्यदर्शन अवलंबून होतं.

तरी त्याच कोविडने एक गोष्ट शिकवली. कारण चुकीचं असलं तरी नुसती संख्यासुद्धा बोलते. देशात 2020 मध्ये सुमारे 81 लाख मृत्यू नोंदले गेले, 2021 मध्ये सुमारे 1 कोटी 2 लाख. कारणाच्या रकान्यात काहीही असो, ही उडी लपत नाही. फक्त 2021 चा हा आकडा प्रसिद्ध झाला मे 2025 मध्ये. चार वर्षांनी आलेला आकडा इतिहासाच्या कामाचा, आरोग्य अधिकाऱ्याच्या नाही.

पुढचा जानेवारी

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या याच पट्ट्यात, नांदेड (मराठवाड्यातलं नव्हे, इथलंच गाव), किरकटवाडी, धायरी, खडकवासला, नांदोशी भागात गुलेन बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. राज्यात संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब लावणारा जीवाणू सापडला, संशय पाण्यावर गेला आणि नांदेडची विहीर बातम्यांत आली.

आबांच्या मृत्यूचा या साथीशी संबंध जोडायचा नाही. आबा कल्पित आहेत, आणि एका घरच्या जुलाबांवरून पाच महिन्यांनंतरच्या साथीचं भाकीत कुणी करू शकलं नसतं. नोंदणी ही धोक्याची घंटा नव्हे. घंटेचं काम रोगसर्वेक्षणाचं आहे. पण साथ आली तेव्हा पथकांना घरोघर फिरून जे गोळा करावं लागलं, त्यातला एक भाग मृत्यूच्या नोंदींत आधीच असू शकला असता: कोणत्या गल्लीत, कोणत्या महिन्यात, कशाने.

दोन अडचणी तेव्हा ठळक झाल्या. पहिली पत्त्याची. आबांच्या नमुन्यात राहण्याचा पत्ता होता सिंहगड रोड, पुणे. दांडेकर पुलापासून पार खडकवासल्यापर्यंत हा रस्ता जातो. त्यावर निदान चार वेगळ्या ठिकाणांहून पाणी येत असेल. टपालवाल्याला पुरणारा पत्ता पाण्याच्या नकाशाला पुरत नाही. सोसायटी किंवा वस्ती आणि जवळची टाकी एवढं लिहिलं तरी काम होतं.

दुसरी जागेची. नोंद जिथे मृत्यू घडतो तिथे होते, जिथे माणूस राहतो तिथे नाही. त्या साथीतला पहिला संशयित मृत्यू सोलापुरात झाला. व्यक्ती राहायला पुण्यात होती. कायद्याप्रमाणे नोंद सोलापूरची. असेच पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका, पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंट हे शेजारी शेजारी चार वेगळे दप्तरखाने. नांदेडचा माणूस कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतल्या रुग्णालयात गेला तर तो तिकडच्या आकड्यात. नमुन्यात नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणाचा रकाना आहे. त्यावरून आकडे पुन्हा मांडता येतात. ते मांडले गेले तरच वस्तीचं चित्र दिसतं, नाहीतर शहराच्या नकाशावर मोठी रुग्णालयं तेवढी लाल दिसतात आणि लोक मरतात कुठून हे कळतच नाही.

आशाताईची डायरी

आता या प्रकरणातला मला सर्वांत बोचणारा तुकडा. आशाताईच्या डायरीत त्या आठवड्यात लिहिलेलं होतं: अमुक गल्ली, जुलाब, तीन घरं, ओआरएस दिलं. तिने ते आरोग्य केंद्रात कळवलंही होतं. म्हणजे मूळ कारण कुठेतरी लिहिलेलं होतं, तारखेसकट. फक्त ते एका वहीत, आणि मृत्यू दुसऱ्या वहीत. शिवाय दुसऱ्या वहीत तो आला नोव्हेंबरात. दोन्ही वह्या एकाच महापालिकेच्या आरोग्य खात्याच्या, पण त्या एका टेबलावर कधी आल्या नाहीत.

त्या आणायला नवा कायदा लागत नाही. क्षेत्रीय कार्यालयाने दर आठवड्याला आपल्या हद्दीतल्या, घरी झालेल्या मृत्यूंची यादी जवळच्या आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला द्यावी. ज्या नोंदीत कारण कोरं आहे किंवा हृदयक्रिया बंद एवढंच आहे, त्या घरी आरोग्यसेविकेने किंवा आशाताईने जाऊन दहा प्रश्न विचारावेत: किती दिवस आजारी, ताप, जुलाब, खोकला, छातीत दुखणं, लघवी, कुठली औषधं. बाई गेली असेल तर गरोदर होती का, बाळंत होऊन किती दिवस झाले. हे काही आकाशातून आणलेलं नाही. मातामृत्यू आणि बालमृत्यूंचं अन्वेषण अशाच भेटींनी होतं. पुण्याजवळ वढूला केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने गावोगावच्या जन्म-मृत्यूंचा असा मागोवा वर्षानुवर्षं ठेवला आहे. आणि ज्या स्मशानांत पास लागतो तिथे त्या पासांची रोजची संख्या त्याच संध्याकाळी हातात असते; ती वॉर्डनिहाय नुसती मोजली तरी वाढ दिसायला चार वर्षं लागणार नाहीत. समाविष्ट गावांच्या स्मशानांत त्यासाठी आधी माणूस आणि वही हवी.

वर्गात यावर नेहमी दोन आक्षेप येतात. पहिला, दुःखाच्या घरी प्रश्न विचारायला जायचं कसं? अनुभवी आशाताई सांगतात की तेराव्यानंतर गेलं तर लोक उलट बोलायला उत्सुक असतात. काय झालं हे त्यांनाही समजून घ्यायचं असतं. अधिकारी म्हणून गेलं तर दार बंद, ताई म्हणून गेलं तर चहा. दुसरा आक्षेप जास्त खरा: आशाताईंना प्रत्येक कामाचा वेगळा मोबदला ठरलेला असतो, आणि आबांसारख्या प्रौढ माणसाच्या मृत्यूच्या चौकशीचा ठरलेला नाही. आधीच सर्वेक्षणांनी त्या वाकल्या आहेत. फुकट भेटींची अपेक्षा ठेवली तर घरी बसून भरलेले नमुने येतील, आणि आपण आय-46 च्या जागी दुसरं काहीतरी खोटं गोळा करू.

आबांच्या नोंदीत अजूनही दुरुस्ती होऊ शकते. कलम 15 नुसार नोंदीतली चूक पुराव्यावरून सुधारता येते, आणि डॉक्टरांनी नव्याने नमुना भरून दिला तर कारणही सुधारेल. अर्ज मुलाने करायचा तर त्याला गरज नाही, डॉक्टरांनी करायचा तर ते स्वतःहून हा विषय उकरणार नाहीत. आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला डायरी आणि नोंद शेजारी ठेवून तसं सुचवता येईल, पण त्यासाठी ती नोंद आधी त्यांच्यापर्यंत पोचायला हवी, आणि तशी यादी पाठवा असं क्षेत्रीय कार्यालयाला अजून कुणी लेखी सांगितलेलं नाही.